गिऱ्हाईक कुणाला नाकारता येतं, कुणाला नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच वादाभोवती फिरणारी आहेत. दुकान माझं, हॉटेल माझं, सोसायटी आमची, मग आत कुणाला घ्यायचं हे ठरवणारे दुसरे कोण? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं महामार्गावर उपाहारगृह आहे. दारावर ‘प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे’ अशी पाटी लावली आहे. मध्यंतरी दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या एकाला बाहेर काढलं, तर तो ‘केस करीन’ म्हणाला. या पाटीला कायद्यात किती वजन आहे? (कराड)

पाटीला स्वतःचं वजन काहीच नाही. तुम्ही त्या माणसाला कशासाठी बाहेर काढलंत, यावर सगळं ठरतं. दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून काढलंत, तर पाटी नसतानाही तुमची बाजू बळकट आहे. जात किंवा धर्म बघून काढलं असतंत, तर दहा पाट्या असूनही उपयोग नव्हता.

मूळ नियम राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणं इथे अडवता येत नाही. मूलभूत हक्कांची बहुतेक कलमं सरकारला बांधतात. हे कलम थेट तुमच्या-आमच्या गल्ल्यापर्यंत येतं.

यातला ‘दुकान’ हा शब्द किती रुंद आहे, हे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट झालं. चर्चेला उत्तर देताना बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की, सेवा मागायला येणाऱ्या कुणालाही सेवा द्यायला मालक तयार असतो अशी जागा म्हणजे दुकान. लाँड्री आली, दाढीचं सलून आलं, डॉक्टरचा दवाखानाही आला. नुसतं उंबऱ्याच्या आत येऊ देणं एवढाच त्याचा अर्थ नाही. ठरलेल्या अटी मान्य असतील तर सेवाही मिळाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच भाषणाचा आधार घेऊन खासगी विनाअनुदानित शिक्षणसंस्थाही या शब्दात बसवल्या. त्यामुळे ‘आमची जागा खासगी आहे’ हे उत्तर पुरत नाही. जागा खासगी असते, पण धंदा सगळ्यांसाठी उघडलेला असतो.

आता तुमच्या कामाचं. माणूस काय करतो यावरून नाकारता येतं : नशेत असणं, शिवीगाळ, जुनी उधारी न फेडणं, इतरांना त्रास देणं, बंद व्हायच्या वेळेनंतर येणं. जागा भरली असेल किंवा माल संपला असेल तरीही नाकारता येतं. अट एकच, हाच नियम सगळ्यांना लागला पाहिजे. धंद्यातली माणसं चुकतात ती इथेच. ‘बाहेरचे पदार्थ चालणार नाहीत’ असं लिहायचं, ओळखीच्याला वाढदिवसाचा केक आणू द्यायचा आणि अनोळखी कुटुंबाला अडवायचं. मग कारण बनावट ठरतं. नियम म्हणून ही अट चालते. चित्रपटगृहांनी बाहेरचं खाणं अडवणं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं, पण पिण्याचं शुद्ध पाणी मोफत ठेवायचं आणि तान्ह्या मुलांचं खाणं आणू द्यायचं, हेही बजावलं.

‘प्रवेशाचा हक्क’ ही मोघम पाटी काढा. तिच्या जागी नेमके चार नियम लिहा. कुणाला बाहेर पाठवायची वेळ आली तर अंगाला हात लावू नका. ढकलाढकली झाली की फिर्यादी तो आणि आरोपी तुम्ही. एकदा शांतपणे सांगा, ऐकलं नाही तर ११२ ला फोन करा. त्याच रात्री वहीत वेळ, कारण आणि हजर कामगारांची नावं लिहा. कॅमेऱ्याचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा, कारण बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं भरतात.

प्रश्न : आमच्या गावातलं सलून आमच्या वस्तीतल्या पोरांची दाढी-कटिंग करत नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘आज वेळ नाही’, ‘वस्तऱ्याचं पातं संपलं’ असं सांगतात. आम्ही तालुक्याला जातो. याला पुरावा कसा द्यायचा? (बीड जिल्हा)

तुमच्या पत्रातलं पात्याचं कारण पुन्हा पुन्हा वाचलं. खुर्चीवर दुसरा बसलेला असताना पातं संपत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. हा गुन्हा आहे, आणि पुराव्याचं ओझं तुम्हाला वाटतं तेवढं तुमच्यावर नाही.

नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चं कलम ६ हे फक्त माल आणि सेवा नाकारण्याबद्दल आहे. इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर सेवा मिळते तशीच ती अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला नाकारली, तर एक ते सहा महिने कैद आणि दंड. ‘त्याच अटींवर’ हे शब्द फार कामाचे आहेत. इतरांना काचेच्या ग्लासात चहा आणि एकाला कागदी कप, इतरांना खुर्ची आणि एकाला बाहेरचा बाक, हेही त्यात येतं. छपराच्या वाशाला अडकवलेला वेगळा कप गेला असेल, पण कागदी कपाने त्याचीच जागा घेतली असेल तर कायदा त्याला वेगळं मानत नाही.

याच कायद्याचं कलम १२ सांगतं की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य झालं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय धरून चालेल. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. म्हणजे सलूनवाल्याच्या मनात काय होतं ते तुम्ही दाखवायचं नाही. तुम्ही दोनच गोष्टी दाखवायच्या : सेवा नाकारली, आणि त्याच सुमारास इतरांना दिली.

दुसरा कायदा अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांच्या प्रतिबंधाचा, १९८९ चा. त्याच्या कलम ३(१) मध्ये २०१६ पासून दुकानात जाण्यास अडवणं आणि सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं हे स्वतंत्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तरच हा कायदा लागतो. १९५५ च्या कायद्याला ती अट नाही. म्हणून फिर्यादीत दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा.

फिर्याद लिहिताना ‘आम्हाला नेहमी नाकारतात’ असं लिहू नका. केस मोडते ती याच वाक्यावर. एक दिवस धरा. तारीख, किती वाजता गेलात, खुर्चीवर कोण होतं, बाकावर कोण थांबलं होतं, सलूनवाला नेमकं काय बोलला, तुम्ही निघाल्यावर कुणाची दाढी झाली. एकटे जाऊ नका, दोघे जा. भिंतीवरच्या दरपत्रकाचा आणि उघड्या दुकानाचा फोटो घ्या. जातीच्या दाखल्याची प्रत जोडा. ठाण्यात अर्जाची पोच आणि गुन्हा नोंदल्यावर एफआयआरची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर अत्याचार प्रतिबंध कायद्याचं कलम १८-अ दाखवा. या कायद्याखाली गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच जातो. ठाण्याने घेतलंच नाही, तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. १४५६६ ही याच कामाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

‘आता सगळ्यांसाठीच बंद’ म्हणून सलूनला कुलूप लागतं, ही नंतरची अडचण. दोन-तीन आठवडे कुलूप, मग मागच्या दाराने घरोघरी जाऊन दाढ्या. ते दिवस टिपून ठेवा, कारण बहिष्काराचा पुरावा त्यातच आहे.

एक गोष्ट सलूनवाल्याच्या बाजूने. कधी कधी तो स्वतः तयार असतो, पण त्याच्याच समाजातले लोक त्याला धमकावतात. १९५५ च्या कायद्याचं कलम ७(२) अशा माणसाचं रक्षण करतं. अस्पृश्यता पाळायला नकार दिला म्हणून आपल्याच समाजातल्या कुणाला वाळीत टाकण्यात भाग घेणं हाही गुन्हा आहे. त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

प्रश्न : उपनगरात फ्लॅट घ्यायचा सौदा ठरला. सोसायटीचे सचिव म्हणतात, ‘आमच्या समाजाबाहेरच्यांना सभासद करत नाही, सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आहे.’ खरं आहे का? (मुंबई)

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचा मार्ग आहे.

निकाल २००५ चा, अहमदाबादच्या झोरोआस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा. फक्त पारशांना सभासद करायचं, असा उपविधी (म्हणजे सोसायटीचा नोंदवलेला नियम) त्या सोसायटीत होता. सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कलम १९(१)(ग) ने संघटना करण्याचा हक्क दिला आहे, आणि आपल्याबरोबर कोण असावं हे ठरवणं त्यात येतं. हिंदी साहित्य संमेलनाच्या १९७१ च्या प्रकरणातही न्यायालयाने म्हटलं होतं की, संघटना करणाऱ्यांना स्वेच्छेने घेतलेल्या लोकांबरोबरच राहण्याचा हक्क आहे. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे, आणि कलम १५(२) च्या यादीत दुकान-हॉटेल आहे, राहतं घर नाही. मला ही उणीव बोचते. ज्या शहरात घर मिळणं हाच निम्मा संसार आहे, तिथे ती मोठी उणीव आहे.

पण हा निकाल नोंदवलेल्या उपविधीबद्दल होता. तुमच्या सचिवांकडे तसा उपविधी आहे का? महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्यांनी सरकारचे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत आणि त्यांत समाजाची अट नाही. समितीच्या बैठकीतला ठराव म्हणजे उपविधी नव्हे. ‘आमच्याकडे पूर्वीपासून असंच चालतं’ हेही उपविधी नव्हे. ‘इथे फक्त शाकाहारी’ या अटीलाही हेच लागू.

म्हणून पहिलं काम, फ्लॅट विकणाऱ्या सभासदाकडून निबंधकाचा शिक्का असलेल्या उपविधींची प्रत मागवा. अट नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम २३ तुमच्या बाजूने आहे : पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नोंदणीकृत करारनाम्यासह हस्तांतराचा अर्ज द्या. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतर फी ५०० रुपये, आणि महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये. नकार द्यायची सोय नसली की काही सोसायट्या ‘देणगी’ मागतात. ती देणं बंधनकारक नाही. अर्जावर पोच घ्या. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि उपनिबंधकांकडेही दाखल करा. सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. लेखी नकार आला तर साठ दिवसांच्या आत उपनिबंधकांकडे अपील करा. लोक तोंडी नकारावर वर्षभर हेलपाटे मारतात आणि मुदत हातची घालवतात. नकार कागदावर मागा, सकारण मागा.

भाड्याने घेत असाल तर गणित वेगळं. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. मालकाने आठ दिवस आधी कळवायचं, करारनाम्याची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. मात्र घरमालकाने स्वतःच धर्मावरून नकार दिला, तर त्याला भाग पाडणारं सरळ कलम आज नाही. अपवाद आहेत : अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला जातीवरून नाकारणं सलूनच्या प्रश्नातल्या दोन्ही कायद्यांच्या कसोटीवर घासता येतं, आणि एचआयव्हीबाधित व्यक्तींसाठी २०१७ चा व तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा, या दोन्हींत घर भाड्याने नाकारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

प्रश्न : आमच्या ज्ञातिसंस्थेचं मंगल कार्यालय आहे. बाहेरच्यांना न देण्याचा ठराव विश्वस्त करू पाहतात. चालेल का? (पुणे)

आतापर्यंत ते कुणाकुणाला दिलंत, हे पावतीपुस्तकात बघा. जाहिरात देऊन, दरपत्रक छापून कार्यालय सगळ्यांना भाड्याने दिलं असेल, तर तो व्यवसाय आहे आणि एखाद्याला जातीवरून नाकारणं कलम १५(२) च्या आड येतं. केवळ सभासदांच्या कार्यासाठी वापर असेल, तर ती संस्थेची आतली बाब. मधलं चालत नाही : लग्नसराईत सगळ्यांना द्यायचं आणि विशिष्ट वस्तीतला माणूस आला की ‘फक्त सभासदांसाठी’ म्हणायचं. सभासदांना सवलतीचा दर ठेवायला हरकत नाही.

ठराव करण्याआधी दोन कागद काढा. जमीन सरकारकडून किंवा पालिकेकडून मिळाली असेल तर त्या आदेशातल्या अटी, आणि धर्मादाय कार्यालयात नोंदवलेली संस्थेची घटना. उद्देशांत ‘सर्वांसाठी’ असं लिहिलं असेल तर साधा ठराव पुरणार नाही.

आणि सभासदाला काढून टाकणं वेगळं, त्याला वाळीत टाकणं वेगळं. मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाशी व्यवहार तोडायला सांगणं हा महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. २०१७ पासून लागू असलेल्या या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. संघटनेचा हक्क ही तिथे ढाल होत नाही.

प्रश्न : माझा छापखाना आहे. मला न पटणारा मजकूर छापायला नकार देऊ शकतो का? अमेरिकेत केकवाल्याला कोर्टाने तसा हक्क दिला असं मुलगा सांगतो. (सांगली)

मजकूर नाकारता येतो. माणूस नाकारायचा नाही. एखाद्या धर्माच्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका तो त्या धर्माचा म्हणून नाकारलीत तर ते चूक. द्वेष पसरवणारं पत्रक कुणीही आणलं तरी मी छापत नाही, असं असेल तर बरोबर.

ही रेघ उत्तर आयर्लंडमधल्या २०१८ च्या निकालात फार स्वच्छ दिसते. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारं वाक्य लिहिलेला ३६.५० पौंडांचा केक एका बेकरीने करून दिला नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण तेच वाक्य इतर कुणी मागितलं असतं तरी त्यांनी नाकारलंच असतं. मुलगा म्हणतो तो समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणारा कोलोरॅडोतला केकवाला. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ मतांनी जिंकला, पण राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल आकस दाखवला या कारणाने. सगळ्या दुकानदारांना मोकळीक मिळाली असं त्या निकालात नव्हतं. २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या, समलिंगी विवाहांची संकेतस्थळं रचायला तयार नसलेल्या महिलेच्या बाजूने ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला, तो शब्द-चित्रांतून व्यक्त होण्याबद्दल. साध्या खानावळीचा प्रश्न तिथे १९६४ मध्येच मिटला. अलाबामातल्या एका बार्बेक्यू उपाहारगृहाला काळ्या गिऱ्हाइकांना आत बसवून जेवण द्यावं लागेल, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं.

तुम्हाला मात्र काही वेळा नकार द्यावाच लागतो. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीचं पत्रक असेल, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-अ प्रमाणे प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत हातात आल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. प्रकाशकाला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित केलेलं असावं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. छापून झाल्यावर घोषणापत्राची एक प्रत आणि पत्रकाचा नमुना जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. घाईत ‘कागद उद्या देतो’ म्हणणाऱ्याचं काम घेतलंत तर सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन हजारांपर्यंतचा दंड तुमच्या वाट्यालाही येतो.

प्रश्न : आम्ही दोघं सज्ञान, लग्न झालेलं नाही. ऑनलाइन पैसे भरून खोली घेतली, तिथे पोचल्यावर ‘जोडप्यांना देत नाही, कायदा आहे’ म्हणाले. पैसेही परत नाहीत. (नाशिक)

असा कायदा नाही. अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहणं गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं. पण वैवाहिक स्थिती कलम १५(२) च्या यादीत नाही, त्यामुळे आगाऊ जाहीर केलेल्या नियमाने हॉटेल नाही म्हणू शकतं.

तुमची बाजू भक्कम आहे ती पैसे भरल्यामुळे. दारातूनच परत पाठवलेला माणूस ग्राहक कायद्यात बसवणं अवघड जातं, कारण व्यवहारच झालेला नसतो. तुमचा झाला आहे. नोंदणीच्या वेळी ही अट दाखवली होती का, ते पान आणि पावती जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे आले नाहीत तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. खोलीचं भाडं, ऐनवेळी दुसरीकडे मोजलेले जादा पैसे आणि मनस्ताप, तिन्ही वेगवेगळे मागा.

प्रश्न : भाऊ चाकाच्या खुर्चीवर असतो. ‘इतर गिऱ्हाइकांना अडचण होते’ म्हणून एका हॉटेलने आत घेतलं नाही. (कोल्हापूर)

त्यांनी दिलेलं कारण कायद्यात कारणच नाही. अपंगत्व कलम १५(२) मध्ये नाही, पण दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ ने ती जागा भरली आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाख. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. भावाच्या नावाने, त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने तक्रार पाठवा. सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत जोडा, दारातल्या पायऱ्यांचा फोटो द्या, आणि त्या दिवशी तिथे कोण काय बोललं ते तारीख-वेळेसह लिहा.